सवतीची गादी

१

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या सवतीच्या अंगात पाणी शिरलेलं सापडलं.

सवत म्हणजे विमान. एकाच माणसाला बसायला जागा असलेलं, टोकदार नाकाचं, करड्या रंगाचं जुनं लढाऊ विमान. आमच्या बंदरात एक विमानवाहू जहाज कायमचं बांधून ठेवलंय. आता त्याचं संग्रहालय झालंय आणि त्याच्या उघड्या डेकवर सात जुनी विमानं साखळ्यांनी जखडून उभी आहेत. ऊन, पाऊस, खारी हवा आणि पक्ष्यांची घाण, सगळं अंगावर घेत. त्यातलं पुढून दुसरं विमान म्हणजे ही बया.

आमचे हे नोकरीत असताना चौदा वर्षं ह्याच विमानाचे मेकॅनिक होते. आमची मुलगी जन्मली तेव्हा हे हिचं इंजिन बदलत होते. सहा वर्षांपूर्वी क्रेनने हिला डेकवर उतरवलं, शेपटीवरचा आकडा ह्यांनी वाचला आणि हे भर गर्दीत रडले. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला सवत म्हणते आणि अख्खं जहाज हसतं. हसू दे. मी थट्टा करत नव्हते.

हे निवृत्त होऊन घरी बसतील, दोघं मिळून चहा पिऊ, संध्याकाळी फिरायला जाऊ, असं मी मनात ठरवलं होतं. कसलं काय! रोज सकाळी आठला डबा घेऊन जहाजावर, संध्याकाळी पाचला परत. पगार नाही, नुसता गळ्यात अडकवायचा पास. आणि मी शिवणकाम करते म्हणून सवतीचे कपडेही माझ्याच गळ्यात. तिची कॅनव्हासची खोळ मी शिवली, तिच्या लाल फिती मी शिवल्या आणि गेल्या महिन्यात तिच्या बैठकीची गादीही मीच शिवली. काळ्या कापडाची, अकरा उभ्या टाक्यांची, जुन्या फोटोत होती अगदी तश्शी.

त्या सकाळी जहाजावर पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्या मुलीचा फोन आला. "काकू, लवकर या. काकांचं काहीतरी झालंय."

मी मशीनवरचं काम टाकून धावले. वाटेत काय काय मनात आलं ते देवालाच माहीत. पोचले तर हे धडधाकट, विमानाच्या चाकाशी उलट्या खोक्यावर बसलेले. वर कॉकपिटची काच सताड उघडी. शिडीच्या हुकाला एक लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती. समोर जहाजाच्या मुख्य बाई हाताची घडी घालून उभ्या.

"रात्रभर पाऊस पडला," बाई मला म्हणाल्या. "ह्यांनी काल संध्याकाळी काच लावली नाही, खोळही घातली नाही. खोळ पेटीतच आहे. गादी पाण्याने थबथबलीय, आतली यंत्रंही गेली असणार. आणि उद्या रविवार!"

उद्या, पूर्वी हे विमान उडवणारा वैमानिक येणार होता. चाळीस वर्षांनी त्यात बसणार होता, फोटो निघणार होते.

"तुम्ही विसरलात?" मी ह्यांना विचारलं.

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "विसरलो असेन. आता आठवत नाही."

"वयाचा मान आहे," बाई म्हणाल्या, "पण असं चालणार नाही. आज पाच वाजता पास परत करा."

२

आता खरं सांगते. ते शब्द ऐकले आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आनंद. पास गेला म्हणजे नवरा घरी! सहा वर्षं जे भांडून मिळालं नाही ते एका पावसाने मिळवून दिलं. मी तोंड उघडलं नसतं तर पाच वाजता माझी सवत कायमची सुटली असती.

पण हे त्या खोक्यावर असे बसले होते की बघवेना. डोकं हरवलेल्या माणसाला डोकं हरवल्याची लाज वाटावी, तसे. हे घरी चष्मा विसरतात, दूध गॅसवर विसरतात, मागच्या महिन्यात माझा वाढदिवस विसरले. पण त्या बयेचा एक स्क्रू कुठे ठेवलाय ते विसरत नाहीत. तेच तर माझं दुखणं आहे. आणि आज म्हणे तिला पावसात उघडी टाकली?

मला पटलं नाही. माझा राग माझ्या सवतीवर आहे, पण तिच्यावरच्या ह्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

गादी काढून डेकवर उन्हात टाकली होती. मला दुसरं काही सुचेना म्हणून तिच्याशेजारी बसून राहिले. ऊन कडक होतं. बाराच्या सुमाराला वरचं कापड वाळत आलं आणि काळ्या कापडावर पांढरी वलयं उमटू लागली.

मी वाकून बघितलं. बोट फिरवलं. पांढरी पूड बोटाला लागली.

पन्नास वर्षं काळे कपडे इस्त्री करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आमच्या इथल्या नळाचं पाणी जड, क्षारांचं. काळ्या कापडावर ते सांडून वाळलं की असं पांढरं वलय राहतं, म्हणून मी इस्त्रीचं पाणी उकळून घेते. पावसाच्या पाण्याने असा डाग पडत नाही.

गादीवर पडलेलं पाणी आकाशातलं नव्हतं. ते कोणीतरी नळावरून आणून ओतलं होतं.

३

मी तशीच उठले आणि खोळीच्या पेटीपाशी गेले. झाकण उघडलं. खोळ व्यवस्थित चौकोनी घडी घालून ठेवलेली होती, अस्तर आतल्या बाजूला. हाताला लागली ती ओली, जड. घडी उलगडली तर आतलं मऊ अस्तर कोरडं ठणठणीत.

आता विचार करा. खोळ रात्रभर बंद पेटीत असती तर दोन्हीकडून कोरडी हवी. बाहेर पडून राहिली असती तर दोन्हीकडून भिजायला हवी. वरून भिजलेली आणि आतून कोरडी खोळ म्हणजे एकच गोष्ट: पाऊस पडला तेव्हा ती विमानाच्या अंगावर होती!

हे विसरले नव्हते. ह्यांनी काच लावली होती, खोळ घातली होती. पाऊस थांबल्यावर, आज सकाळी, कोणीतरी ती काढली, काच उघडली आणि माझ्या गादीवर पाणी ओतलं.

मला नाचावंसं वाटलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्याला विसराळू ठरवणारा हा कोण? आता त्याला शोधल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते.

जहाजाच्या दारावरच्या माणसाने सांगितलं की आठ ते नऊ ह्या वेळात डेकवर तिघंच होते. आमचे हे, रंगारी आणि हेलिकॉप्टरवाले भाऊजी. माहितीवाली मुलगी नऊला आली आणि तिनेच आरडाओरडा केला.

रंगारी विमानाच्या पलीकडच्या अंगाला डबे मांडून बसला होता. त्याचं आणि ह्यांचं करड्या रंगाच्या छटेवरून दोन महिने वाजलेलं होतं. ह्यांनी त्याला पंख तीनदा खरवडायला लावला होता.

"माझ्यावर संशय आहे होय?" तो म्हणाला. "मी सकाळपासून तिकडे मागे, शेवटच्या विमानाच्या शेपटीला होतो. आणि रागच काढायचा तर मी रंगात काढला असता. पाण्यात कशाला हात घालू?"

"आज इकडे काय काम?"

"नाव लिहायचंय, वैमानिक साहेबांचं. कॉकपिटच्या खाली, पांढऱ्या अक्षरात. पण तुमचे हे लिहू देतील तर ना! काल म्हणाले, पत्रा दमट आहे. आज म्हणाले, दमट आहे. अहो, एवढं ऊन पडलंय!"

"आणि मेकॅनिकचं नाव?"

"ते कुठे कोण लिहितं, काकू?" रंगारी सहज म्हणाला आणि ब्रश पुसू लागला.

माहितीवाली मुलगी तिकिटांच्या खोलीत डोळे पुसत बसली होती. हे तिला 'बेटा' म्हणतात. घरी आले की 'बेटा आज असं म्हणाली, बेटाने आज असं केलं', रोजचं पुराण. मला ती आवडत नाही, कारण ह्यांच्या तरुणपणाच्या ज्या गोष्टी मला ठाऊक नाहीत त्या तिला तोंडपाठ आहेत.

"काकू, मी कशालाही हात लावला नाही हो," ती म्हणाली. "वर चढले, पाणी बघितलं आणि ओरडले. एवढंच."

"पट्टे तू बाहेर काढलेस?" वैमानिकाला बैठकीशी बांधायचे ते जुने जाड पट्टे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबताना मी बघितले होते.

"नाही. ते तसेच होते." मग ती घुटमळली. "काकू, माझ्यामुळे तर काका नाराज नसतील? उद्या साहेबांना पट्टे मी बांधायचेत. मुख्य बाई म्हणाल्या, फोटोत मी बरी दिसते. काकांनी विचारलं होतं, मी बांधू का? तर बाई म्हणाल्या, तुम्ही खाली पाहुण्यांत उभे राहा."

"हे काय म्हणाले?"

"काही नाही. बरं म्हणाले आणि पाना घेऊन चाकाशी बसले."

नको ती शंका डोक्यात आली. पण मी ते तिथेच दाबलं आणि भाऊजींकडे वळले, कारण पाण्याची नळी त्यांच्या हेलिकॉप्टरशेजारी गुंडाळलेली असते.

४

भाऊजी म्हणजे ह्यांचे चाळीस वर्षांचे मित्र आणि तेवढ्याच वर्षांचे हाडवैरी. त्यांचं हेलिकॉप्टर डेकच्या अगदी शेवटाला उभं आहे.

"या वहिनी," ते म्हणाले. "मी वाटच बघत होतो. नळी माझ्याकडे, जळफळाट माझा, मग चोर मीच!"

"जळफळाट आहे ना पण?"

"आहे की! का नसावा? लोक येतात, तुमच्या त्या नाकवाल्या बयेबरोबर फोटो काढतात आणि माझ्या हेलिकॉप्टरच्या सावलीत बसून डबा खातात. पाच वर्षं मी ह्याचे पंखे घासतोय. एकाने विचारलं नाही की हे काय करायचं. आणि ह्याने बुडत्या जहाजावरून एकोणतीस माणसं उचलली होती, वहिनी! एकोणतीस! तुमची ती बया एकाला घेऊन वर जायची आणि त्यालाच घेऊन खाली यायची."

बोलताना त्यांचा आवाज चिरका झाला. मला त्यांची दया आली, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

"भाऊजी, पाणी नळाचं आहे. सकाळी नळी कोणी वापरली?"

"मी साडेआठला आलो तेव्हा तिच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं."

"कोणी वापरली?"

ते फडक्याने हात पुसत राहिले.

"वहिनी, जास्त खोदू नका."

"माझ्या नवऱ्याचा पास जातोय पाच वाजता. म्हातारा झाला, डोकं गेलं असं म्हणतायत. मी खोदणार नाही तर काय करू? तुमच्याकडे बोट दाखवू? मला तेही जमेल!"

भाऊजी चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी माझ्या सवतीकडे, त्या शिडीकडे बोट केलं.

"ती लाल फीत दिसते? तिच्या टोकाला काय आहे, जाऊन बघा. आणि मग मला सांगा, माझा राग असता तर मी ते काम केलं असतं का? मी आत पाणी साचू दिलं असतं. कुजू दिलं असतं तिला."

५

फितीच्या टोकाला एक रबरी बूच होतं.

विमानाच्या पोटाला खालून एक भोक असतं, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. एरवी त्यात बूच, नाहीतर किडे घर करतात. धुवायची वेळ आली की आधी बूच काढायचं आणि लाल फितीला बांधून शिडीच्या हुकाला लटकवायचं. काढलेली वस्तू परत लावायची राहू नये म्हणून. हा ह्यांचा नियम, आणि फीत माझ्या हातची.

म्हणजे पाणी ओतणाऱ्याने आधी खाली वाकून पाणी जायची वाट मोकळी केली होती.

मी साठी कधीच ओलांडली आहे आणि माझे गुडघे बोलतात, तरी मी ती शिडी चढले. सहा वर्षांत पहिल्यांदा सवतीच्या घरात डोकावले.

पट्टे बाहेर लोंबत होते, पूर्ण कोरडे. जुनं मूळ सुताचं काम, भिजलं तर आटेल, म्हणून कोणीतरी ते उचलून बाहेर टाकले होते. समोरच्या, उंची आणि वेग दाखवणाऱ्या घड्याळांच्या काचांवर कालची धूळ जशीच्या तशी, थेंबाचाही ओघळ नाही. 'यंत्रं गेली' म्हणणाऱ्या मुख्य बाईंनी वर चढून बघितलंच नव्हतं. काठाकाठाने मी सगळीकडे हात फिरवला. तळाशी थोडी ओल, ती खालच्या भोकाकडे गेलेली. बाकी काही नाही. सवतीच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

ह्या सगळ्यात खराब झाली होती एकच वस्तू. मी शिवलेली.

मी शिडीवरच थांबले. मग खोळ आठवली. ओल्या डेकवर फेकून दिली असती तर कोणालाच काही कळलं नसतं. पण ओतणाऱ्याला तेवढंही करवलं नाही, अस्तराला डेकवरची वाळू चिकटून काचेला ओरखडे पडतील म्हणून. अस्तर आत घेऊन त्याने घडी घातली.

आणि मग बुधवारची रात्र आठवली. जेवताना हे म्हणाले होते, "गादी फार सुरेख झालीय गं. अशी दुसरी करायची तर किती दिवस लागतील?" मी मोहरून गेले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक! "आठवडा तरी लागेल," मी लाजत सांगितलं होतं.

बुधवारनंतर रविवार चार दिवसांवर होता.

मी खाली उतरले. हे अजून खोक्यावरच होते. मी समोर उभी राहिले.

"तुम्हीच ओतलंत."

त्यांनी वर बघितलं. नाकारलं नाही. ह्यांना खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

"का?"

"तो बसला असता," हे म्हणाले.

"बसायलाच येतोय तो. बसला असता तर काय झालं असतं?"

"चौदा वर्षं मी तिला तयार करायचो, पट्टे बांधायचो, काच लावायचो आणि खाली उभा राहायचो. तो तिला घेऊन वर जायचा. परत आली की तिच्या अंगावरचं तेल मी पुसायचो आणि टाळ्या त्याला. आणि ही सहा वर्षं? तो कुठे होता? गंज मी काढला. घरटी मी काढली. आता तो येणार, दोन मिनिटं बसणार, त्याचं नाव लिहिणार. मी खाली पाहुण्यांत उभा राहायचं. पट्टे बांधायलासुद्धा नको मी! वाटलं, गादी नसेल तर बसणार नाही. गादीच काय, परत करता येते."

"परत कोण करणार होतं?"

हे उन्हातल्या गादीकडे बघायला लागले.

"घड्याळांवर थेंब नाही पडू दिलात. पट्टे उचलून ठेवलेत. बूच काढलंत! आणि माझे अकरा टाके? ते भिजले तर चालतील?" माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "तुम्ही चौदा वर्षं खाली उभे राहिलात म्हणता. मी चव्वेचाळीस वर्षं उभी आहे हो! तुम्ही तिच्याकडे बघताय आणि मी तुमच्याकडे. माझ्यासाठी कोणी गादी भिजवली?"

वरच्या बाजूला कोणीतरी घंटा वाजवली. पावणेपाच झाले होते.

६

पाच वाजता डेकवर सगळे जमले. मुख्य बाई, रंगारी, मुलगी, भाऊजी. हे गळ्यातला पास काढू लागले.

"थांबा," मी म्हटलं. "हे विसरले नाहीत."

मी सगळं मांडलं. पांढरी वलयं दाखवली. खोळीचं ओलं अंग आणि कोरडं अस्तर सगळ्यांच्या हातात दिलं. घड्याळांवरची धूळ दाखवायला मुख्य बाईंना शिडीवर चढवलं. त्या उतरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला होता.

"म्हणजे मुद्दाम केलंय," त्या म्हणाल्या. "कोणी?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांना सकाळपासून ठाऊक होतं, आणि मित्राचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. हे जमिनीकडे बघत होते.

"मी," मी म्हटलं.

मुख्य बाई माझ्याकडे वळल्या.

"सकाळी ह्यांच्या मागोमाग आले. दारावरच्या माणसाची पाठ होती. पाणी मी ओतलं. माझी सवत आहे ती, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या तिचं कौतुक होणार, मला बघवेना. माझी गादी होती, मी भिजवली."

आणि गंमत बघा, सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला! एकानेही विचारलं नाही की ही गुडघेदुखीची बाई बादली घेऊन शिडी चढली कशी. रंगारी तर मान हलवू लागला, जणू त्याला आधीपासून वाटतच होतं. सहा वर्षं हसत होते ना? आता मला कळलं, हसणाऱ्यांनाही ते खरंच वाटत होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक शब्द. 'नाही' एवढा एक शब्द बोलले असते तर मी तो जन्मभर पुरवून वापरला असता. हे पास मुठीत धरून उभे राहिले.

"ह्यापुढे तुम्ही जहाजावर यायचं नाही," मुख्य बाई मला म्हणाल्या.

"येत नाही. पण माझ्या घरी दुसरी गादी आहे. कोणतंही काम मी आधी साध्या कापडात शिवून बघते, मापाला. काळ्या रंगात बुडवली की झालं. उद्या सकाळी देते. मात्र पट्टे ह्यांनी बांधायचे. ह्या मुलीने नाही."

"मलाही तेच बरं वाटेल," मुलगी हळूच म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला थोडी आवडली.

मुख्य बाईंना गादी हवी होती. त्यांनी होकार दिला.

घरी येईपर्यंत हे माझ्या दोन पावलं मागे चालत होते.

७

रविवारी मी धक्क्यावर उभी होते. धक्क्यावर उभं राहायला पास लागत नाही.

खालून डेकवरचं फार दिसत नाही. विमानाचं नाक, शेपटी, उघडी काच आणि माणसांची डोकी. एक ताठ, पांढऱ्या केसांचा माणूस शिडी चढला. त्याच्यामागे हे चढले. ह्यांची पाठ मी कुठूनही ओळखते. ती वाकली, आधी डावा पट्टा, मग उजवा. मग टाळ्या ऐकू आल्या.

माझ्या सवतीला मिळालं एकदाचं सगळं. वैमानिक, मेकॅनिक, माझी मापाची गादीसुद्धा.

मी निघणार इतक्यात टाळ्या थांबल्या. कोणीतरी बोलत होतं. भाषण नव्हतं ते, आवाज फार हळू होता. आणि मग जहाजाच्या उतरत्या फळीवरून हे एकटेच येताना दिसले. कठड्याला धरून, सावकाश.

"काय झालं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पाणी मी ओतलं ते. तुझं खोटं होतं ते. काल बोलायला हवं होतं. काल मला तिच्यासाठीच भीती वाटली, ती हातातून सुटेल म्हणून. आज पट्टे बांधताना तुझी शिवण दिसली. मापाच्या गादीलासुद्धा अकराच टाके घातलेस तू."

"वैमानिक काय म्हणाले?"

"म्हणाले, मला वर नेहमी वाटायचं की ती तुझीच आहे, मी नुसता उसनी नेतो."

मी त्यांची कॉलर सरळ केली.

"आणि पास?"

"दिला." ह्यांनी रिकाम्या गळ्यावर हात फिरवला. "आता घरी काय करू ते तू सांग."

"आधी चहा. मग बघू. काज करायला शिकवीन, तुमचा हात बारीक कामाला चांगला आहे."

आम्ही चालू लागलो. आज हे दोन पावलं मागे नव्हते, बरोबरीने होते. "मागे वळून बघायचं नाही," मी बजावलं. ह्यांनी मान हलवली आणि खरोखर एकदाही बघितलं नाही.

वळून बघितलं ते मीच. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि राहवलं नाही. वर डेकवर पाहुणे पांगले होते. रंगारी आणि ती मुलगी मिळून विमानाला खोळ घालत होते, आणि उलटी घालत होते. अस्तर बाहेर, खरबरीत बाजू काचेवर. वारा सुटलेला होता. आठवडाभरात ओरखड्यांनी काच धुरकट होणार. आणि माझं मऊ अस्तर उन्हात विरणार.

"काय गं?" ह्यांनी विचारलं. "काय बघतेस?"

मी सांगितलं असतं तर हे धावत परत गेले असते.

"काही नाही," मी म्हटलं. "चला."